इन्साफबाईंच्या फ्रिजवरची धूळ

१

स्वतःच्या झोपायच्या खोलीचा फोटो इन्साफबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो कोर्टाच्या फाइलमध्ये.

मी सोबत होतो. बाई चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर, आणि वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात माझी तीस वर्षं गेल्यामुळे कागद कुठलाही असो, लोक मला बरोबर नेतात. कारकुनाने फाइल टेबलावर सरकवली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. त्याच्या परीने तो सभ्यपणाच होता.

फोटो चार होते. पहिल्यात झोपायची खोली: दोन पलंग, दोन्ही उघडे, नुसत्या फळ्या. दुसऱ्यात स्वयंपाकघर: फ्रिजचं दार सताड, आत थंडगार शून्य. तिसऱ्यात दिवाणखाना, सोफे पांढऱ्या चादरींखाली. चौथ्यात बोळ, गालिचा नाही, पडदा नाही. खाली टाइप केलेलं होतं: ‘फदाली इमारत, दाहेर, कैरो. चौथा मजला. दिनांक १० फेब्रुवारी. घर वर्षाहून अधिक काळ बंद व निर्मनुष्य असल्याचे दर्शविणारी छायाचित्रे. खालच्या मजल्यावर गळती झाल्याने, इमारतीच्या राखणदारासमक्ष प्रवेश केला असता घेतलेली.’

खालचा मजला म्हणजे माझा, आणि गळती मला तरी ठाऊक नव्हती. नव्या कायद्याने आम्हा जुन्या भाडेकरूंना घर सोडायला सात वर्षं दिली आहेत. पण घर विनाकारण वर्षभर बंद ठेवलंत असं सिद्ध झालं, तर सात वर्षं नाहीत. सात दिवसही नाहीत.

बाईंचं वय एकाहत्तर. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या घरात त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली. तिथेच नवरा गेला, तिथूनच मुलगी लग्न होऊन इस्माइलियाला गेली. त्यांनी चारही फोटो नीट पाहिले, मग मागची बाजू पाहिली.

“न्हाणीघराचा नाही ना काढलाय?”

“नाही, बाई.”

“कपाट उघडलेलं दिसतंय का कुठे?”

“नाही.”

मग त्यांची नजर दुसऱ्या फोटोवर अडकली. फ्रिजच्या माथ्यावर ईदच्या बिस्किटांचं मोठं गोल ताट होतं आणि त्या ताटाभोवती बोटाने नाव लिहावं इतकी धूळ.

“हे न्यायाधीश बघणार?”

“बाई, मुद्दा तो नाही.”

“तुमच्या फ्रिजवरची असती तर मुद्दा तोच असता,” बाई म्हणाल्या.

बसमध्ये आम्ही हिशेब मांडला. कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी शाबूत होती. फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी त्या सहा आठवडे इस्माइलियाला होत्या, आणि हे घरमालकाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. घराच्या चाव्या दोनच. एक बाईंच्या गळ्यात.

“आणि दुसरी?” मी विचारलं.

“दुसरी समोरच्या रौहियाकडे,” बाई म्हणाल्या. “चव्वेचाळीस वर्षांची मैत्री आहे आमची. म्हणजे सकाळपर्यंत होती.”

२

आमचा घरमालक आम्ही पाहिलेला नाही. हाजी फदाली वारले, वारस शहराबाहेरच्या वसाहतीत राहायला गेले, जिथे झाडांनाही फाटक लागतं. इमारत सांभाळतो मॅनेजर शाकीर. शिकलाय वाणिज्य शाखेत, पण त्याला सगळे ‘इंजिनियरसाहेब’ म्हणतात आणि तोही ते मनाला लावून घेत नाही. माणूस इतका उंच की जिन्यातल्या दिव्याला शिडीशिवाय हात घालतो. दिवा काढून नेताना आम्ही त्याला पाहिलंही आहे.

लिफ्ट दोन वर्षं दुरुस्त होते आहे. पाण्याची मोटर बाई कपडे भिजवतात त्या दिवशी बिघडते. आणि गेल्या वर्षी शाकीरने सुरक्षेसाठी कॅमेरा बसवला. पाच मजले, दहा दारं, कॅमेरा एक, आणि त्याचं तोंड बाईंच्या दाराकडे. बाईंनी तक्रार केली, मग अर्ज केला, मग रोज सकाळी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. “मी भाजीला चालले आहे,” त्या त्याला सांगायच्या. “परत आले की पिशवी उघडून दाखवते.”

शाकीरचं दुसरं हत्यार म्हणजे सूचना. तो प्रत्येक गोष्टीची लेखी सूचना काढतो. तिला क्रमांक, तारीख, वेळ, सही आणि निळा शिक्का असतो. ‘जिन्यात मोठ्याने बोलू नये.’ ‘गच्चीवर एका वेळी चारच चादरी.’ कुणा वकिलाने त्याला सांगितलं होतं की कागद जमा होत गेले की भाडेकरू वितळत जातो. बाई वितळल्या नाहीत. त्यांनी फाइल केली. तोवर एक्केचाळीस सूचना झाल्या होत्या.

फोटोंच्या प्रती घेऊन आम्ही गेलो ते तळमजल्यावरच्या झनाती उस्ताकडे. उस्ता पिंजारी. गाद्यांचा कापूस पिंजणं हा त्याचा तीन पिढ्यांचा धंदा. सगळं शहर स्पंजवर झोपायला लागल्यापासून त्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि मोहल्ल्यात कुणाची कोंबडी जरी हरवली तरी लोक त्यालाच विचारतात. दुकान त्याचंही जुन्या भाड्याचं. म्हणजे बाईंचं घर गेलं की पुढचा नंबर कुणाचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्याने फोटो दुकानाच्या उंबऱ्यात, उजेडात धरले.

“अर्जात काय म्हटलंय ते वाचा, नाजी उस्ताद. सगळं. स्वल्पविरामासकट.”

मी वाचत गेलो. ‘...पलंगांवर गाद्या नाहीत, ज्यावरून तेथे कोणी झोपत नसल्याचे उघड होते. टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये एक मोडके, एकतारी जुने वाद्य भिंतीला टेकवलेले आढळले...’

“थांबा.”

उस्ताने पहिला फोटो पुन्हा उचलला. कपाटाच्या कडेला, अर्धवट सावलीत, माणसाच्या उंचीचं, धनुष्यासारखं काहीतरी उभं होतं.

“बाई, तुम्ही काही वाजवता?” मी विचारलं.

“चव्वेचाळीस वर्षांत टाळीसुद्धा नाही.”

उस्ताने फोटो खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली.

“ते वाद्य नाही,” तो म्हणाला. “ती माझी पिंजण आहे.”

३

बाई शाळेत कॉपी पकडताना जशा बघत असतील तशा उस्ताकडे बघत होत्या.

“तुमचं अवजार माझ्या झोपायच्या खोलीत काय करतंय?”

“बाई, मी तुमच्याकडे तीन वर्षांतून एकदा येतो. यंदा कधी आलो होतो?”

“शम्म अन-नसीमच्या आधीच्या शुक्रवारी. वसंताच्या सणाआधी घर काढलं होतं ना.”

“म्हणजे एप्रिलची दहा. फेब्रुवारीची नव्हे. आता सांगा, त्या दिवशी काय काय झालं.”

बाईंनी सांगितलं आणि सांगता सांगताच त्यांचा आवाज बदलत गेला. सकाळी गालिचे धुऊन जिन्याच्या कठड्यावर टाकले. पडदे टबात. फ्रिज बंद करून बर्फ वितळायला दार उघडं ठेवलं. दिवाणखान्याच्या चादरी तर बाराही महिने असतात. दाहेरमध्ये पाहुणा आल्याशिवाय सोफ्याचं तोंड बघणारं घर दाखवा. मोठी गादी सकाळीच गच्चीवर गेली.

“म्हणजे,” मी म्हणालो, “साफसफाईला काढलेलं घर आणि सोडून दिलेलं घर, फोटोत सारखंच दिसतं.”

“ज्याच्या घरी साफसफाई दुसरं कुणी करतं, त्याला तर नक्कीच,” उस्ता म्हणाला. “आणि तुम्ही कुठे होतात, बाई?”

“गच्चीवर. तुमच्यासमोर.”

“किती वेळ?”

“पूर्ण वेळ.” बाई जराशा ओशाळल्या. “पिंजाऱ्याला कापसाजवळ एकटं सोडत नाहीत. माझी आईसुद्धा सोडत नसे.”

“माझ्या आजोबांनाही कुणी सोडलं नाही. आम्ही राग धरत नाही, चहा मागतो.” उस्ताने पहिला फोटो पुढे केला. “पण बघा. दोन्ही पलंग उघडे आहेत. मी गाद्या एकेक करून घेतो. मोठी खाली आली की धाकटी वर. त्या दिवशी मात्र राखणदार बशन्दी म्हणाला, नमाजानंतर पुन्हा चार मजले चढणार नाही, धाकटी आत्ताच आणून टाकतो. बाराच्या जरा आधी त्याने ती वर आणली. मोठी अजून अर्धवट होती.”

“आणि पिंजण?”

“पिंजण घेऊन मी त्याच्या आधीच खाली उतरलो होतो. उन्हात ठेवली तर आतड्याची तांत तडकते. तुमच्याकडून चावी मागून घेतली, दार उघडलं, ती कपाटाशी उभी केली. बशन्दी गादी काढायला मागोमाग आलाच. दार त्याच्यावर सोपवून वर आलो, चावी तुम्हाला दिली आणि मशिदीत गेलो. पाऊणला परत आल्यावर पहिलं काम पिंजण वर नेण्याचं केलं.”

त्याने तीन बोटं वर केली. “दोन पलंग उघडे, पिंजण खोलीत, फ्रिज बंद. हे तिन्ही एकत्र फक्त एकदाच होतं. दहा एप्रिल, बारा ते पाऊण. शुक्रवारचा खुतबा चालू असताना.”

मला आठवलं, मी त्या वेळी मशिदीत होतो. उस्ता पुढच्या ओळीत. राखणदार बशन्दीकाका माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून, आणि खुतब्याचं प्रवचन लांबल्यावर त्यांचं डोकंही त्याच खांद्यावर आलं होतं.

“इमारतीतले सगळे पुरुष मशिदीत होते,” मी म्हणालो.

“मी गच्चीवर कापूस राखत बसले,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि घर सोडलं.”

त्या उठल्या. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. पुरुष वजा केले तर इमारतीत उरली ती एकच बाई, जिच्याकडे चावी होती.

४

रौहियामावशींनी दार उघडलं आणि बाईंना बघून तसंच अर्धं धरून ठेवलं. त्यांचा बांधा आखूड आहे. गॅसच्या टाकीवर आणखी अर्धी टाकी ठेवली तर बरोबरी व्हावी.

“आलात? मला वाटलं पोलिस पाठवाल.”

“तुला कसं कळलं?”

“बसमधून उतरल्यापासून तुमचा चेहरा सगळ्या गल्लीने वाचलाय, इन्साफ. मी काय आंधळी आहे?”

उस्ताने मधेच विचारलं, “मावशी, चावी कुठे आहे?”

“चहाच्या डब्यात. जुन्या. ज्यात चहा नसतो त्या.” त्यांनी डबा आणून दाराशीच्या टेबलावर आपटला. चावी निघाली, तिच्याभोवती बाईंच्याच हाताने बांधलेली चिंधी, गाठ तशीच. “गाठ सोडून बघा. माझ्या बोटांना संधिवात आहे, मला तर ती सुटतही नाही. आग लागली असती तर तुमचं घर मी बाहेरून बघत बसले असते.”

बाई गाठीकडे बघत राहिल्या. गाठ पुन्हाही बांधता येते, हे शिक्षिकेला कुणी सांगावं लागत नाही.

“मावशी,” उस्ता म्हणाला, “तुमच्या फ्रिजवर काय आहे?”

“फ्रिजवर?”

“वरती. माथ्यावर.”

“देवाला माहीत. मुलगा दुबईला गेला तेव्हा त्याने काहीतरी ठेवलं होतं.”

“बाई, तुमच्या फ्रिजवरचं ताट तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?”

“ताट काठाला धरून खाली ओढते मी. वरचं मला दिसत नाही. दिसत असतं तर...” बाई थांबल्या. “दिसत असतं तर ती धूळ तिथे असती का?”

“माझ्याही नजरेला ताटाचा फक्त काठ येतो. नाजी उस्तादांच्याही.” उस्ताने दुसरा फोटो टेबलावर ठेवला. “या फोटोत ताट आख्खं दिसतंय, आणि मागची धूळ भिंतीपर्यंत. ज्याने हा काढला त्याचे डोळे फ्रिजच्या बरेच वर होते.”

“हात वर करून काढला असेल,” मी म्हणालो. मुद्रितं तपासणारा माणूस शंका काढल्याशिवाय राहत नाही.

“कशाला करेल? त्याला रिकामा फ्रिज दाखवायचा होता. रिकामेपणा खाली आहे, वर नाही. धूळ दाखवायची म्हणून नाही आली ती. तो उभा राहिला तिथून तेवढं आपसूक आलं. उंच माणसाला हे कळतच नाही की बाकीच्यांना ते दिसत नसतं.”

इमारतीत ये-जा करणाऱ्यांत एवढा उंच माणूस एकच. रौहियामावशींनी दार पूर्ण उघडलं.

“मग माझ्यावरचा आळ?”

“चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या.

“एवढंच?”

“चहा कर, रौहिया. ज्या डब्यात चहा असतो त्यातला. बसते मी.”

मावशी आत गेल्या आणि आतूनच ओरडल्या, “साखर दोन चमचे की अजून माझ्याशी भांडणच आहे?”

उस्ता बसला नाही. “चावी बाईंच्या गळ्यात, दुसरी डब्यात. मग शाकीर आत शिरला कसा? दार शेवटचं कुणी लावलं?”

दार शेवटचं लावलं होतं ते बशन्दीकाकांनी, आणि अर्जावर राखणदार म्हणून सहीही त्यांचीच होती.

५

बशन्दीकाका अस्वानकडचे. जिन्याखालच्या खोलीत ते सव्वीस वर्षं राहतात. उभं राहिलं की छत टेकतं, म्हणून बसूनच राहतात. बाईंना दारात बघून ते उठायला गेले आणि डोकं आपटलं.

“बसा, काका,” बाई म्हणाल्या. “दोष द्यायला नाही आले. विचारायला आले आहे.”

“गादी नेलीत तेव्हा दाराला कडी घातलीत?” उस्ताने विचारलं.

काकांनी चपलांकडे पाहिलं. “डोक्यावर गादी असताना कडी कोण घालतो, उस्ता? पायाने ओढलं दार. आवाज आला नाही लागल्याचा. म्हटलं, बाई वरच आहेत, मी नमाज करून येतोच आहे. इथे कोण येणार? आम्हीच तर आहोत.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर दार लागलेलं होतं. नीट. मला वाटलं, बाईच उतरल्या असतील. बरं झालं म्हटलं.”

“आणि सही?” मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. “शाकीरसाहेब मे महिन्यात आले. म्हणाले, गळतीचा पंचनामा आहे, सही कर. लोकांना वाटतं मला वाचता येत नाही. येतं. फेब्रुवारी लिहिलेलं मी वाचलं. घर वर्षभर बंद आहे हेही वाचलं. बाईंची भाजीची पिशवी रोज मीच वर नेतो. मग सही केली. ही खोली त्यांच्या हातात आहे. माझ्याकडे ना जुनं भाडं, ना नवं. माझ्याकडे सव्वीस वर्षं आहेत, ती कुठल्याच कायद्यात बसत नाहीत.”

बाईंच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो खोलीच्या छताकडे बघत होता.

“शाकीर त्या शुक्रवारी आला असेल असं मला वाटतं,” उस्ता म्हणाला. “वाटून चालत नाही. उंच माणसं कैरोत पुष्कळ आहेत. तो त्या वेळी त्या दारात होता, हे त्याच्याच तोंडून यायला हवं.”

“तो कशाला सांगेल?” मी म्हणालो.

“त्याला सवय आहे सांगायची,” बाई अचानक म्हणाल्या आणि उठल्या.

चार मजले चढून त्या फाइल घेऊन आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. पानं उलटत त्या अडतिसाव्या सूचनेवर थांबल्या. मी वाचलं. ‘जिन्याच्या कठड्यावर टाकलेल्या गालिच्यामुळे सुरक्षा कॅमेरा झाकला गेल्याचे आढळले. गालिचा त्वरित हटवण्यात आला आहे. पुन्हा असे केल्यास कारवाई होईल. शुक्रवार, १० एप्रिल, दुपारी १२ वाजून २० मिनिटे.’ सही. निळा शिक्का.

“दाराखालून सरकवलेली मिळाली,” बाई म्हणाल्या. “गालिचा मी तिथेच परत टाकला. मला वाटलं सूचना काकांनी आणली.”

“काका, सूचना तुम्हीच वाटता ना?”

“वाटतो. पण ही नाही. बारा वीसला मी नाजी उस्तादांच्या खांद्यावर झोपलो होतो.”

सगळं जागेवर बसलं. कॅमेरा आंधळा झाला म्हणून शाकीर धावत आला. त्याने गालिचा ओढला आणि समोर दार अर्धवट उघडं. आत घर असं पडलेलं, जसं त्याने वर्षभर स्वप्नात पाहिलं असेल. त्याने चार फोटो काढले, दार ओढून घेतलं. आणि एवढं करून तो निघून गेला असता तर आज आम्ही काही सिद्ध करू शकलो नसतो. पण गालिचा कॅमेऱ्यावर होता, आणि सूचना काढल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

बशन्दीकाकांनी हात पुढे केला. “तो अर्ज परत बघू. कोर्टात जाऊन सही मागे घेता येते का हो?”

“येते,” मी म्हणालो. “पण खोली...”

“खोलीचं मी बघेन,” ते म्हणाले. “आधी मान सरळ करतो. इथे नाही जमणार, कोर्टाचं छत उंच असेल.”

६

शाकीरला कुणीतरी कळवलं असावं. दोनच दिवसांनी, भर दुपारी, तो स्वतः बाईंच्या मजल्यावर आला. आम्ही रौहियामावशींच्या दारात बसलो होतो.

“काय उस्ता,” तो म्हणाला, “गाद्या संपल्या, आता गुप्तहेर?”

“गाद्या आहेत की, इंजिनियरसाहेब. त्याचाच विचार करत होतो. तुमच्या अर्जात लिहिलंय, त्या घरात वर्षभर कुणी झोपत नाही.”

“फोटो आहेत.”

“आहेत ना. त्यात माझी पिंजण आहे. मला एवढंच सांगा, जिथे कुणी झोपत नाही, तिथली गादी कोण पिंजून घेतं?”

शाकीरने हसायचा प्रयत्न केला. मग उस्ताने त्याला क्रमाने सगळं सांगितलं, पलंग, तांत, ताट, धूळ. तो हातांची घडी घालून ऐकत होता. बाईंनी अडतिसावी सूचना वर धरली तेव्हा घडी सुटली.

“हे तुमचंच अक्षर ना?”

“बाई, हे बघा.” त्याचा आवाज एकदम घरचा झाला. “आपण एका इमारतीतली माणसं. मी दावा मागे घ्यायला सांगतो. फोटो तुम्हाला परत देतो. हवं तर तुमच्यासमोर फाडतो. विषय संपला.”

मला वाटलं, बाई घेतील. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला विषय संपलेला बरा वाटतो.

“फोटो फाइलमध्येच राहू द्या,” बाई म्हणाल्या. “मी या घरात राहते, याचा त्याहून चांगला पुरावा माझ्याकडेही नाही. तुम्ही माझ्या पलंगापाशी उभे होतात, मला न विचारता. दावा तुम्ही मागे घ्याल, पण ते कसं मागे घेणार? त्याची फिर्याद मी उद्या पोलिसात देणार आहे.”

“फोटोत ती धूळ आहे, बाई,” मी हळूच आठवण केली.

“न्यायाधीशांच्या बायकोच्या फ्रिजवरही असेल,” बाई म्हणाल्या. “बघू दे.”

शाकीर दोन पायऱ्या उतरला आणि वळला. “सात वर्षांनी तरी जावंच लागेल ना?”

“सात वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरची असेन. तेव्हा या, बोलू. तोपर्यंत सातही माझी आहेत.”

७

कोर्टात उस्ता पिंजण घेऊन गेला. शिपायाने ती हत्यार समजून अडवली, मग वाद्य समजून सोडली. न्यायाधीशांनी विचारलं, हे नेमकं काय आहे. उस्ताने लाकडी मोगरीने तांत एकदा छेडली. दालनभर घोगरा आवाज घुमला आणि मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “अल्ला, माझ्या लग्नाची गादी.” घरमालकाच्या वकिलाने ‘वाद्य’ हा शब्द अर्जातून काढायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

बशन्दीकाकांनी उभं राहून सांगितलं, सही माझी, मजकूर खोटा. त्याच संध्याकाळी जिन्याखालच्या दारावर खोली सोडण्याची सूचना लागली. बाईंनी ती अलगद सोडवली आणि नवीन फाइल आणून तिच्यावर काकांचं नाव घातलं. शाकीर मात्र त्यानंतर आमच्या इमारतीत फारसा दिसला नाही. पोलिस चौकीत त्याला हल्ली वेळेवर जावं लागतं.

दावा नंतर फेटाळला गेला. पण माझ्या लक्षात राहिला तो त्याआधीचा एक दिवस. घरात खरंच कुणी राहतं का, हे बघायला कोर्टाने आपला तज्ज्ञ पाठवला होता. बारीक चणीचा, घामाघूम झालेला, हातात कागदांचं पाकीट. सोबत दोन्ही बाजूंचे वकील, मी, उस्ता. चार मजले चढून आल्यावर त्याने श्वास घेतला, शर्टाची बटणं सारखी केली आणि दारावरची घंटा वाजवली.

बाईंनी दार उघडलं.

“मला आत येऊन पाहणी करायची आहे,” तो म्हणाला. “आपली परवानगी असेल तर.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या घरमालकाच्या वकिलाकडे.

“जरा थांबा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. वकिलाने घड्याळ बघितलं. तज्ज्ञाने पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. आत कसलीही धावपळ ऐकू येत नव्हती, काही हलत नव्हतं, काही झाकलं जात नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आपल्या घरात एक बाई नुसती उभी होती, आणि बाहेर आम्ही पाच पुरुष तिची वाट बघत होतो.

पुरती पाच मिनिटं गेली.

मग कडी निघाली.

“आता या,” इन्साफबाई म्हणाल्या.